न दिसलेला चेहरा : अमेरिकी कार्टून आणि काळ्या माणसाचे चित्र



साहित्याच्या व्यासपीठावर कार्टूनबद्दल बोलायचे म्हणजे थोडे पोरकट वाटेल, याची मला कल्पना आहे. विषय कळवला तेव्हा एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारलेही, की उंदीर-मांजराच्या खेळावर तासभर बोलण्यासारखे काय आहे? त्यांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच आजचे व्याख्यान मांडतो आहे.

सुरुवात उंदीर-मांजरापासूनच करू. ‘टॉम अँड जेरी’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. मुलांना जेवू घालताना, नातवंडांना शांत बसवताना किंवा कोणी पाहत नाही असे बघून आपले आपण. त्यातल्या जुन्या भागांत एक बाई आहे, आठवून पाहा. जाड पाय, घोट्यावर ओघळलेले मोजे, सपाता, एप्रन, हातात झाडू. टॉमने काही फोडले की ती ओरडत येते आणि त्याला घराबाहेर काढते. तिचा चेहरा आपल्याला जवळजवळ कधीच दिसत नाही. पडदा तिच्या कमरेशी संपतो. आपल्याकडे बऱ्याच जणांनी तिला त्या घरची मालकीण समजले असेल. मीही समजलो होतो. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला मात्र ती कोण हे पाय बघताच कळत असे. ती गोऱ्यांच्या घरी राबणारी काळी मोलकरीण होती. ‘मॅमी’ म्हणून गोऱ्या अमेरिकेने तिचा एक ठरीव साचा करून ठेवला होता. लठ्ठ, तोंडाळ, मनाने चांगली आणि स्वतःचे घरदार, मुलेबाळे नसलेली.

आणखी एक गोष्ट आठवा. टॉमच्या तोंडाशी स्फोट होतो. धूर ओसरतो तेव्हा त्याचा चेहरा काळाकुट्ट, ओठ जाड, आणि डोक्यावर रिबिनी बांधल्यासारख्या चार-दोन आखूड वेण्या. आपण हसलो. भाजला म्हणून हसलो, असे आपल्याला वाटले. तो विनोद भाजण्याचा नव्हता, काळ्या मुलीच्या केसांचा होता. पुढे अनेक प्रक्षेपणांतून ही दृश्ये कापली गेली. या वेण्या लक्षात ठेवा, व्याख्यानाच्या शेवटी मी त्यांच्याकडे परत येणार आहे.

हा विषय अमेरिकेचा आहे आणि तो मी तिथेच ठेवणार आहे. पण बडोद्यात बसून तो ऐकायला एक खास कारण आहे. १९१३ साली महाराज सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर एक तरुण न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला. तो भीमराव आंबेडकर. तीन वर्षे तो त्या शहरात होता. नेमक्या त्याच वर्षांत, त्याच शहरात, कार्टूनपट हा धंदा म्हणून उभा राहत होता. जॉन ब्रे याची एका फेकाड्या कर्नलच्या करामतींची मालिका १९१३ सालीच सुरू झाली. पारदर्शक सेल्युलॉइडवर हलते चित्र काढण्याच्या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ल हर्ड याने १९१४ च्या डिसेंबरात अर्ज केला. माणसाच्या जन्मावरून त्याची पायरी ठरवणे म्हणजे काय, यावर आपल्या शहराने पाठवलेला विद्यार्थी कोलंबियात निबंध वाचत होता आणि त्याच न्यूयॉर्कमध्ये ती पायरी विनोद म्हणून रेखाटण्याचे कारखाने निघत होते. तो विद्यार्थी शिकून परत आल्यावर याच बडोद्यात त्याला राहायला जागा मिळाली नाही, हेही आपण विसरू नये. दुसऱ्यांच्या घरातली घाण दाखवायला मी आलेलो नाही, एवढे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

या कलेचे मूळ रंगभूमीत आहे. १८३० च्या सुमारास थॉमस राइस नावाच्या गोऱ्या नटाने बुचाच्या काजळीने तोंड काळे केले, फाटके कपडे घातले आणि ‘जिम क्रो’ नावाच्या काळ्या माणसाचे नाचगाणे सादर केले. ते इतके चालले, की १८४० च्या दशकात अशा खेळांच्या मंडळ्याच निघाल्या. त्यांना ‘मिन्स्ट्रल शो’ म्हणत. काळा चेहरा, पांढऱ्या किंवा लाल रंगाने रुंद केलेले तोंड, वटारलेले डोळे, पांढरे हातमोजे. पात्रही ठरलेले. आळशी, खादाड, भित्रा, थापाड्या. पण नाचगाण्यात पटाईत, आणि कितीही मारले तरी उठून हसणारा. खरे काळे लोक तेव्हा दक्षिणेत मळ्यांवर गुलाम होते. त्यांना मारल्यावर ते हसत उठत नसत. प्रेक्षकांना मात्र हा हसत उठणारा गुलाम हवा होता. पुढे वर्णभेदाच्या कायद्यांना लोक ‘जिम क्रो कायदे’ म्हणू लागले. नटाच्या सोंगाचे नाव कायद्याला मिळावे, यावरून त्या सोंगाची पकड किती होती ते कळते.

सुरुवातीचे कार्टूनकार याच करमणुकीच्या रंगमंचावरून आले. स्टुअर्ट ब्लॅक्टन हा रंगमंचावर झरझर चित्रे काढून दाखवणारा कलावंत. १९०७ च्या त्याच्या एका चित्रपटात तो फळ्यावर दोन शब्द लिहितो. एक काळ्या माणसाला हिणवण्याचा, दुसरा ज्यूंचे एक आडनाव. मग दोन-चार रेघा वाढवून त्या शब्दांचेच चेहरे करतो. मला हे दृश्य फार बोलके वाटते. आधी शिवी होती आणि तिच्यातून चित्र निघाले. समोर माणूस बसलेला नव्हता.

विन्सर मॅके हा फार मोठा चित्रकार. त्याच्या १९११ च्या ‘लिटल निमो’मधली रेघ आजही थक्क करते. पण त्यातला गोरा मुलगा निमो रेखीव आहे आणि त्याच्याबरोबरचा आफ्रिकी ‘इम्पी’ गवताचा घागरा घातलेला, जाड ओठांचा, माणसासारखे न बोलणारा. एकाच हाताने, एकाच कागदावर, दोन प्रकारची माणसे काढली. पॅट सुलिव्हनच्या स्टुडिओने १९१६ मध्ये एका काळ्या पोराची मालिका केली. त्याच स्टुडिओतून १९१९ मध्ये फेलिक्स हे मांजर आले. काळे अंग, मोठे पांढरे डोळे, रुंद तोंड. पोराचे मांजर झाले, पण चेहऱ्याची ठेवण फारशी बदलावी लागली नाही.

आता मिकी माऊसकडे येऊ. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी ‘स्टीमबोट विली’ झळकला. त्यात मिकी जी धून वाजवतो ती मिन्स्ट्रल रंगमंचावर गाजलेली धून आहे. १९२९ मध्ये मिकीच्या हातात पांढरे मोजे आले आणि ते आजतागायत उतरलेले नाहीत. उंदराला हातमोजे कशाला? स्टुडिओकडून याची साधी कारणे दिली जातात : काळ्या अंगावर काळा हात दिसत नाही, आणि उंदराचे पंजे माणसाच्या हातासारखे वाटायला हवे होते. ती कारणे खरीच आहेत. पण अडचण सोडवायला जो उपाय सुचला तो रंगमंचावर तयारच होता. १९३३ च्या एका कार्टूनमध्ये मिकी ‘अंकल टॉम्स केबिन’चा नाट्यप्रयोग करतो आणि तोंडात फटाका फोडून चेहरा काळा करून घेतो. सोंग कुठून आले हे तेव्हाच्या लोकांना ठाऊक होते, आपण ते विसरलो.

वॉर्नर कंपनीच्या ‘लूनी ट्यून्स’चा पहिला नायक ‘बॉस्को’. ह्यू हार्मन आणि रुडॉल्फ आयसिंग या दोघांची ही निर्मिती. कॉपीराइट घेताना तो काळा मुलगा म्हणूनच नोंदवला होता. पडद्यावर मात्र तो माकड की उंदीर की माणूस हे कळू नये असा राहिला. निकोलस सॅमंड या अभ्यासकाने २०१५ च्या आपल्या पुस्तकात याच धाग्यावरून एक धारदार मुद्दा मांडला आहे. या पात्रांवर मिन्स्ट्रल खेळाची नुसती छाप नाही, ती पात्रे मिन्स्ट्रलच आहेत, असे तो म्हणतो. आपटले, चेपले, उडवले तरी न मरणारे, मालकाच्या हातून निसटणारे आणि पुन्हा त्याच दौतीत परत जाणारे ते शरीर. हे मान्य केले, तर काळ्या माणसाची टवाळी हा कार्टूनवर नंतर पडलेला डाग आहे असे म्हणता येत नाही. ती त्याच्या रेघेत पहिल्यापासून आहे. मला हा मुद्दा पटतो, आणि पुढचे सगळे मी त्याच्या आधाराने बोलणार आहे.

या साच्याला कारखान्याने बळ दिले. सात मिनिटांचे कार्टून म्हणजे सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने दहा हजारांच्या घरात चौकटी. एका चौकटीसाठी चित्रकार चेहऱ्याचा विचार करू शकेल, दहा हजारांसाठी नाही. म्हणून प्रत्येक पात्राचा नमुना ठरवून भिंतीवर लावत : डोके इतक्या वर्तुळांचे, ओठ एवढे, डोळे एवढे. दहा माणसांनी काढले तरी पात्र एकच दिसावे. मिकीसाठी असा नमुना लागतोच. पण जिवंत समाजाचा नमुना भिंतीवर टांगला की त्या समाजातली सगळी माणसे एकाच वर्तुळातून निघतात. आणि नमुना ठरवणाऱ्या खोलीत त्या समाजातले कोणीही नव्हते.

मग काळ्या लोकांकडून या उद्योगाने काहीच घेतले नाही का? भरपूर घेतले. १९३२ साली फ्लायशर स्टुडिओने लुई आर्मस्ट्राँगला बेटी बूपच्या कार्टूनमध्ये आणले. सुरुवातीला तो आणि त्याचा वाद्यवृंद प्रत्यक्ष दिसतात. संगीत अप्रतिम आहे. मग कार्टून सुरू होते, जंगलातला नरभक्षक नायकांच्या मागे लागतो, त्याचे मुंडके आकाशात तरंगू लागते आणि बघता बघता त्याचा आर्मस्ट्राँगचा खरा चेहरा होतो. त्याच वर्षी कॅब कॅलोवे या गायकाचे नृत्य चित्रित करून त्यावरून एका भुताटकीच्या वॉलरसची हालचाल बेतली. तो वॉलरस आजही डोळ्यांचे पारणे फेडतो, कारण त्यात कॅलोवेची चाल आहे. जगातल्या उत्तम कलावंतांपैकी दोघांचा गळा आणि पाय घेतले, आणि त्यांना शरीर दिले ते एकाला नरभक्षकाचे, दुसऱ्याला जनावराचे.

काळ्या समाजाने हे मुकाट्याने सोसले असे समजू नका. एनएएसीपी ही त्यांची हक्कांसाठी लढणारी मोठी संघटना. १९४३ मध्ये बॉब क्लॅम्पेटचा ‘कोल ब्लॅक अँड द सेबेन ड्वॉर्फ्स’ आला तेव्हा तो मागे घ्यावा अशी मागणी संघटनेने केली. हिमगौरीच्या गोष्टीची ती काळ्या पात्रांतली नक्कल होती. १९४१ चा वॉल्टर लँट्झचा एक कार्टूनपट ‘आळशी गावा’तली काळी माणसे झोपलेली दाखवतो. तो १९४८ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा संघटनेने युनिव्हर्सल कंपनीकडे निषेध नोंदवला आणि १९४९ मध्ये कंपनीने तो मागे घेतला. युद्धावरून परतलेले काळे सैनिक चित्रपटगृहात बसून स्वतःला झोपाळू म्हणून पाहत होते, हे त्यामागचे वास्तव आहे.

१९४६ हे साल या बाबतीत पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी डिस्नेचा ‘साँग ऑफ द साऊथ’ अटलांटा शहरात प्रथम दाखवला. त्यातला प्रमुख काळा नट जेम्स बॅस्केट त्या समारंभाला जाऊ शकला नाही, कारण अटलांटात काळे-गोरे एकत्र बसत नसत. १९४८ मध्ये त्याला याच भूमिकेसाठी खास ऑस्कर मिळाले आणि त्याच वर्षी तो वारला. १९४६ सालीच मोटार कामगारांच्या संघटनेने पैसे देऊन ‘ब्रदरहुड ऑफ मॅन’ हे छोटे कार्टून करवून घेतले. रूथ बेनेडिक्ट आणि जीन वेल्टफिश या मानवशास्त्रज्ञ स्त्रियांच्या पुस्तिकेवर ते बेतले होते, आणि कातडीच्या रंगावरून बुद्धी ठरत नाही हे त्यात साध्या रेघांनी समजावून दिले होते. म्हणजे दुसरी वाट तेव्हाही दिसत होती. आणि १९४६ मध्येच डॉ. आंबेडकरांनी एनएएसीपीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. डू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. १८७३ मध्ये जोतिराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केले होते, तेव्हापासूनचा हा धागा आहे.

आता प्रश्न असा, की ही जुनी कार्टून नकोशी वाटू लागल्यावर त्यांचे काय केले? तीन उपाय झाले.

पहिला उपाय कुलपाचा. १९६८ मध्ये वॉर्नरच्या जुन्या कार्टूनांचे हक्क युनायटेड आर्टिस्ट्सकडे होते. कंपनीने त्यांतली ११ कार्टून प्रक्षेपणातून कायमची काढली. ‘कोल ब्लॅक’ त्यांत आहे. पण १९९४ मध्ये जेरी बेक यांनी अ‍ॅनिमेशन क्षेत्रातल्या लोकांच्या कौलावरून ५० सर्वोत्तम कार्टूनांचे पुस्तक केले, त्यातही ‘कोल ब्लॅक’ आहे. हालचालीचे इतके कसब फार थोड्या कार्टूनांत सापडते. कसब आणि अपमान एकाच चित्रात असू शकतात, ही गोष्ट पचायला जड आहे. कुलपाने ती पचत नाही, नुसती नजरेआड होते.

दुसरा उपाय खोडण्याचा. १९६० च्या दशकात टीव्हीसाठी ‘टॉम अँड जेरी’चे काही भाग दुरुस्त केले. त्या बाईचे काळे पाय पुसून तिथे गोरे पाय काढले, आणि तिचा आवाज काढून आयरिश धाटणीचा दुसरा आवाज भरला. पूर्वीचा आवाज लिलियन रँडॉल्फ या काळ्या अभिनेत्रीचा होता. श्रेयनामावलीत तिचे नाव कधीच नव्हते. अपमान धुऊन काढताना त्यातला एकमेव खरा काळा माणूस, म्हणजे ती बाई, तीही धुतली गेली. तिचे नाव आधीच नव्हते, आता आवाजही गेला.

तिसरा उपाय चिठ्ठीचा. जुन्या कार्टूनांच्या संचांत सुरुवातीला सूचना येऊ लागली, की यातले चित्रण तेव्हाही चूक होते आणि आताही चूक आहे. पण ते दडवले तर असे पूर्वग्रह कधी नव्हतेच असा दावा केल्यासारखे होईल. २००५ मध्ये व्हूपी गोल्डबर्ग या काळ्या अभिनेत्रीने अशा एका संचाच्या आरंभी समोर येऊन हेच समजावून सांगितले. तीन उपायांत मला हा सर्वांत प्रामाणिक वाटतो. पण बाटलीवर चिठ्ठी लावल्याने आतले औषध बदलत नाही.

चौथी वाट कंपन्यांनी नव्हे, कलावंतांनी काढली. ती म्हणजे खडू स्वतःच्या हातात घेणे.

फ्लॉइड नॉर्मन हे १९५६ मध्ये डिस्ने स्टुडिओत लागले. तिथले ते पहिले काळे अ‍ॅनिमेटर. ‘स्लीपिंग ब्यूटी’ आणि ‘जंगल बुक’ या चित्रपटांवर त्यांनी काम केले. १९६० च्या दशकात मित्र लिओ सुलिव्हन यांच्याबरोबर स्वतःची कंपनी काढून त्यांनी शाळांसाठी काळ्या समाजाच्या इतिहासावर चित्रपट केले. गंमत अशी, की नॉर्मन यांनी ‘साँग ऑफ द साऊथ’ची उघड बाजूही घेतली आहे. ज्याच्या समाजाचा अपमान झाला त्याने एकाच सुरात बोलावे, अशी अपेक्षा आपण करतो. तीही साच्याचीच सवय.

चित्रकलेत या वाटेवर पहिले मोठे पाऊल टाकले बेट्टी सार यांनी, १९७२ मध्ये. दुकानात मिळणारी ‘मॅमी’ची बाहुली घेऊन त्यांनी एका पेटीत उभी केली. तेच जाड शरीर, तेच हसू. एका हातात झाडू आणि दुसऱ्या हातात बंदूक. बाईला देखणी केली नाही, साचा मोडलाही नाही, फक्त तिच्या हातात काय असावे हे ठरवले. त्याच १९७२ साली मुंबईत अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली. तुडवलेला असा अर्थ असलेला शब्द तिने मानाने छातीवर लावला. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना बेट्टी सार यांच्या पेटीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

गॅरी सिमन्स हे १९६४ चा जन्म असलेले न्यूयॉर्कचे चित्रकार. पूर्वी शाळा असलेल्या जागेत त्यांनी स्टुडिओ थाटला आणि तिथल्या फळ्यांवर पांढऱ्या रेघांनी जुन्या कार्टूनांतली पात्रे काढली. तोच बॉस्को, ‘डंबो’तल्यासारखे ते कावळे. ‘डंबो’तल्या म्होरक्या कावळ्याचे मूळ नाव जिम क्रो होते, हे इथे सांगायला हवे. चित्र पूर्ण झाल्यावर सिमन्स ते दोन्ही हातांनी पुसतात. पुसतात, पण पुसले जात नाही. डोळे आणि तोंड धुरासारखे फळ्यावर पसरतात आणि तिथेच राहतात. ब्लॅक्टनने १९०७ मध्ये फळ्यावर शिवीचा चेहरा केला होता. ८०-९० वर्षांनी त्याच खडू-फळ्याने एका काळ्या चित्रकाराने त्याला उत्तर दिले. वॉर्नर-डिस्नेच्या कुलपाला, खोडण्याला आणि चिठ्ठीला जे साधले नव्हते ते त्या पुसट चित्रात साधले आहे. खोडल्याची खूण खोडलेल्या चित्राइतकीच दिसते.

कॅरा वॉकर या काळ्या कागदाच्या आकृत्या कापतात. गुलामीच्या काळातली मालक आणि गुलाम माणसे, बाजूने दिसणारी, चेहरा काळाच काळा. २००४ मध्ये त्यांनी अशाच आकृत्यांच्या बाहुल्या करून छायापट केला. त्यात बाहुल्या नाचवणारे हात लपवलेले नाहीत. आपल्याकडच्या कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात सूत्रधार पडद्याआड असतो. इथे तो मुद्दाम दिसतो, म्हणजे हे कोणीतरी करते आहे याचा आपल्याला विसर पडत नाही. वॉकर यांची चित्रे क्रूर आहेत आणि अश्लीलही. १९९७ मध्ये खुद्द बेट्टी सार यांनी त्यांच्याविरुद्ध पत्रे धाडून मोहीम उघडली. गोऱ्या रसिकांना आवडणारे जुनेच सोंग ही मुलगी विकते आहे, असा त्यांचा सूर होता. दोघीही मोठ्या कलावंत, दोघींनी एकच साचा हातात घेतला, आणि एकीला दुसरीचे घेणे विश्वासघाताचे वाटले. हा वाद मिटलेला नाही, आणि तो मिटवायला मी कोणी नाही. मला त्यातून एवढेच समजते, की अपमानाचे चित्र परत घेणे जोखमीचे आहे. हात भाजतो. कधी कधी आपल्याच माणसांचा.

आता त्या वेण्यांकडे येऊ. २०१७ मध्ये मॅथ्यू चेरी यांनी एका छोट्या कार्टूनसाठी लोकांकडे ७५ हजार डॉलर मागितले. जवळजवळ २ लाख ८४ हजार जमले. ‘हेअर लव्ह’ हे त्याचे नाव. एव्हरेट डाउनिंग आणि ब्रूस स्मिथ हे त्यांचे सहदिग्दर्शक. २०२० मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. जुन्या कार्टूनांइतकेच, सात मिनिटांच्या आसपासचे. गोष्ट एवढीच : एका छोट्या काळ्या मुलीला आज केस छान बांधायचे आहेत. आई घरी नाही. बापाला वेणीफणी येत नाही. दाट, कुरळे केस त्याच्या हातात राहत नाहीत, एकदा तर ते केस मुष्टियोद्ध्यासारखे त्याच्याशी लढतात. तिथे आपण हसतो, पोट धरून हसतो. शेवटी आईने करून ठेवलेल्या चित्रफितीच्या आधाराने त्याला जमते. मग दोघे इस्पितळात आईला आणायला जातात. औषधांनी तिचे स्वतःचे केस गेलेले असतात.

तेच केस. टॉमच्या डोक्यावर स्फोटानंतर येणारे. काळ्या मुलीचे केस हा कार्टूनमधला हक्काचा विनोद होता, आणि इथेही ते विनोदच आहेत. ताणणारी, उसळणारी, गुद्दे खाणारी कार्टूनची सगळी भाषाही तीच आहे. फरक कुठे पडला? ज्यांनी ते केस स्वतःच्या घरात विंचरलेले पाहिले आहेत त्यांनी ते काढले. आणि मुलीचा चेहरा, आईचा चेहरा पडद्यावर पूर्ण दिसतो.

मंडळी, याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. हिंदी चित्रपटातली मोलकरीण आठवा. नऊवारी, नाकात नथ, मोडके हिंदी, कंबरेवर हात. ती बहुधा मराठी असते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत ती पडद्यावर आली की हसू थोडे आखडते. ते आखडणे जपून ठेवावे. पण तेवढ्यावर थांबू नये, कारण आपल्या मराठी रंगभूमीने मद्रासी, मारवाडी आणि भय्या यांचे कोणते नमुने भिंतीवर टांगले होते, तेही आपल्याला ठाऊक आहे. त्या प्रयोगांना आपण टाळ्या दिल्या आहेत. अमेरिकी काळ्या माणसाने जे सोसले त्याच्याशी याची बरोबरी मी करत नाही. ती होऊच शकत नाही. पण हात तोच आहे, ज्याच्याबरोबर आपण कधी जेवायला बसलो नाही त्याचे चित्र झरकन काढणारा.

माझ्या स्नेह्यांचा प्रश्न असा होता, की नातवंडांना हे दाखवू नये का? माझे उत्तर, दाखवावे. पण मुलाला एकट्याला सोडून उठू नये. शेजारी बसावे. ती बाई आली की म्हणावे, हिचा चेहरा बघ, दिसतो का? का दिसत नसेल? आणि हिला आवाज देणाऱ्या बाईंचे नाव लिलियन रँडॉल्फ होते, हे सांगावे. मुले अशा प्रश्नांना आपल्यापेक्षा लवकर उत्तर देतात. मग त्याच संध्याकाळी ‘हेअर लव्ह’ लावावे.